आठवीतला मुलगा शाळेत पाणीच पीत नव्हता. शाळेने काय करायला हवं?

फळ्यावरचा_खडू

चौदा वर्षं सरकारी शाळेत शिकवतोय, शाळेचं नाव गाव सांगत नाही. मागच्या महिन्यात परिपाठाला उभा असताना आठवीतला एक मुलगा चक्कर येऊन पडला. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, डॉक्टरांनी विचारलं दिवसभरात पाणी किती पितोस, तर म्हणाला घरी गेल्यावर पितो. खोदून विचारल्यावर कळलं की मुलांच्या मुतारीत त्याची पॅन्ट खेचतात, "बघू तू नक्की कोण आहेस" म्हणतात, म्हणून जूनपासून तो शाळेत लघवीलाच गेलेला नाही आणि जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाही. चाल, बोलणं, हातवारे जरा मुलींसारखे, एवढंच कारण. तो स्वतःला काय समजतो हे त्याने मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलंही नाही.

स्टाफरूममध्ये दोन तट पडले. माझं म्हणणं सरळ आहे, शिक्षकांसाठी असलेलं संडास त्याला वापरू द्या, त्रास देणाऱ्या मुलांच्या पालकांना बोलवा, आणि वर्गात त्याला "बायल्या" म्हणणं बंद करा, ज्यात आपलेच दोन शिक्षक आहेत. २०१९ चा पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे, त्याचं १३ वं कलम सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांना सांगतं की शिक्षण, खेळ, करमणूक सगळ्यात भेदभाव न करता सामावून घ्या. तरी उत्तर मिळालं की "कशाला नसती भानगड, एकाला दिलं तर उद्या दहा येतील". तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणाने लिहा.

दोन_मुलींचा_बाप

सर, त्या पोराची पॅन्ट खेचणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे, यात वाद नाही. पण तुम्ही कायद्याचं कलम काढलंत म्हणून बोलतो. आज संडासची किल्ली, उद्या नाव बदला, परवा मुलींच्या रांगेत उभं करा. माझ्या मुली सरकारी शाळेतच आहेत, तिथे सव्वाशे मुलींना दोन संडास, एकाला आतून कडी नाही, मोठी मुलगी पाळीच्या दिवसात शाळा बुडवते. आधी हे करा ना.

आणि तेरा चौदा वर्षाच्या मुलाला काय कळतं हो? इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांचा अहवाल आला २०२४ च्या एप्रिलमध्ये, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनेच करून घेतलेला, त्यात म्हटलंय की वयात येणं थांबवणाऱ्या औषधांमागचा पुरावा कच्चा आहे आणि लहान वयात नाव नि ओळख बदलण्यातही सावध राहा. आपल्याकडे शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने २०२१ मध्ये शिक्षकांसाठी पुस्तिका काढली होती, मुलामुलींचे सामाईक संडास वगैरे त्यात होतं, बालहक्क आयोगाने आक्षेप घेतला की घरी एक आणि शाळेत दुसरं वातावरण मिळालं तर मुलाच्या मनावरच परिणाम होईल, आणि ती काढून टाकावी लागली. मला तो आक्षेप पटतो. आईबापाला बाजूला ठेवून शाळेने असलं काही करू नये.

चौथा_बाक

मी सोलापूरकडची, पारलिंगी स्त्री. नववीत शाळा सोडली. सोडली म्हणजे काय, पीटीच्या सरांनी सगळ्या शाळेसमोर "चालून दाखव" म्हणून मला मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि पोरं शिट्ट्या मारत होती, दुसऱ्या दिवशी मी दप्तर घेऊन निघाले आणि एसटी स्टँडवर बसून राहिले, आणि मग रोजच. घरी कळलं तेव्हा वडिलांनी मारलं, शाळेत कुणी विचारायला आलं नाही. पुढे कुठे जाऊन पोचले असेन ते तुम्हाला माहितीय, आमच्यातल्या बहुतेकींचं तेच होतं.

दादा, तुम्ही औषधांचं बोललात. मला शाळेकडून गोळी नको होती. हजेरी घेताना आडनावाने हाक मारली असती ना, तरी चाललं असतं मला, माझं नाव उच्चारताना सर मुद्दाम हसायचे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली, ५८ टक्के मिळाले. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून "इतर" या रकान्यात ४,८७,८०३ माणसं होती, त्यातली साक्षर ५६ टक्के, तेव्हा देशाचा आकडा होता ७४. आम्ही काही मुळात बिनडोक नाही, आम्हाला वर्गात टिकू दिलं नाही.

निवृत्त_हेडमास्तर

ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं, माझ्या काळातले असे दोन चेहरे डोळ्यांपुढे आले. पण ३३ वर्षं शाळा चालवलीय, म्हणून दुसरी बाजू सांगतो. एखादा मुलगा नाजूक बोलतो, स्नेहसंमेलनात लावणी करतो, म्हणून शाळेने त्याच्यावर "पारलिंगी" शिक्का मारायचा का? बालगंधर्वांना शालूत बघायला अख्खा महाराष्ट्र तिकीट काढून बसायचा. शंभरातली नव्वद मुलं पुढे आपापल्या वाटेने नीट जातात. खडू सरांनी कायद्याचं कलम काढलं तिथेच तो मुलगा एका खात्यात गेला, आता गावभर होईल.

दुसरं म्हणजे कागद. जनरल रजिस्टरला मुलगा आहे, दाखल्यावर मुलगा आहे, यू-डायसला, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, तीच माहिती. हेडमास्तराच्या हातात काय असतं? उद्या कुणी पालक शाळा व्यवस्थापन समितीत उठला की निलंबनाची नोटीस हेडमास्तरला येते, कायदा लिहिणाऱ्याला नाही.

फळ्यावरचा_खडू

सर, शिक्क्याचं तुमचं म्हणणं मी मान्य करतो, खरंच करतो. म्हणूनच मी त्याला काही विचारलं नाही. पण शिक्का शाळेने मारायच्या आधीच पोरांनी मारलाय, रोज मुतारीत मारतात. तो पुढे कोणीही होवो, त्याला आज पाणी पिता आलं पाहिजे. त्यासाठी तो कोण आहे हे ठरवायची गरजच नाही.

कागदाचं म्हणाल तर मी रजिस्टरला हात लावा म्हटलेलंच नाही. त्या कायद्याच्या २०२० च्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पारलिंगी म्हणून ओळखपत्रासाठी अर्ज होता, अठराच्या आतल्या मुलाचा तो आईवडील किंवा पालकच करणार, शाळा नाही. त्याच नियमांत हेही आहे की शैक्षणिक संस्थेत छळाची तक्रार करायला एक समिती असावी, आणि त्रास देणारा शिक्षक असला तरी मुलाला त्याच्यापासून वाचवावं. आपल्याकडे २०२२ पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आहे शाळाशाळांत, कागदावर का होईना, तिच्याकडेच हे सोपवता येईल, नवीन काही उभारायला नको.

आणि दोन_मुलींचे बाबा, तुमच्या मुलींच्या संडासाला कडी नाही हे माझ्याच बाजूचं आहे. तो मुलींच्या संडासात जाणार नाहीये. शिक्षकांचं एक आहे, दिवसातले पाच तास कुलूपबंद असतं.

आठवी_ब_ची_आई

मी मुलीची आई आहे. माझी लेक केस बारीक कापते, ओढणी घेत नाही, क्रिकेट खेळते. तिला बाई म्हणाल्या "असल्या पोरींचं लग्न होत नाही". मला नाही माहीत ती पुढे काय होणार आणि मला आज ते ठरवायचंही नाही. केरळमध्ये वलयनचिरंगरा म्हणून गाव आहे एर्नाकुलम जिल्ह्यात, तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ पासून सगळ्यांना एकसारखी गुडघ्याखालपर्यंतची पॅन्ट आणि शर्ट दिला. त्यात कुणालाच मी कोण हे सांगावं लागत नाही, मला हे फार आवडलं. इतकं साधं आपल्याला का जमू नये?

दोन_मुलींचा_बाप

ताई, त्याच केरळात २०२१ मध्ये बालुश्शेरीच्या मुलींच्या शाळेत पॅन्ट-शर्ट आणला तेव्हा मोर्चे निघाले आणि पुढच्या वर्षी सरकारला सांगावं लागलं की आम्ही कुणावर गणवेश लादणार नाही. लोकांना घेऊन गेलं नाही की असं होतं.

खडू सर, किल्ली द्या, माझी हरकत संपली. पण एक सांगा, त्या मुलाच्या वडिलांना तुम्ही काय सांगितलं?

फळ्यावरचा_खडू

मुलं त्रास देतात, मुतारीत अडवतात, एवढं सांगितलं. का अडवतात ते सांगितलं नाही. वडील हात उगारणारे आहेत हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

दोन_मुलींचा_बाप

हे मला नाही पटत. माझं मूल असतं तर मला सगळं कळायला हवं होतं. तुम्ही सहा तास सांभाळता, उरलेले अठरा तास आम्ही. तुम्ही ठरवणार कुठला बाप माहिती द्यायच्या लायकीचा आहे ते?

चौथा_बाक

दादा, तुम्ही चांगले बाप असाल, तुमच्या मुली तुम्हाला येऊन सांगतील. माझ्या वडिलांना शाळेने नाही तर शेजाऱ्याने सांगितलं होतं, त्या रात्री माझा हात मोडला. आई आहे का त्या मुलाला? आधी तिच्याशी बोला सर, आणि शाळेत नको, घरी नको, आरोग्य केंद्रात बोलवा. डॉक्टरसमोर बाई माणूस मोकळं बोलते.

निवृत्त_हेडमास्तर

हे बरोबर सांगितलंत. गावातल्या आरोग्यसेविका आशाताईंमार्फत निरोप द्या, संशय येत नाही. आणि खडू सर, समितीपुढे जाताना मुलाचं नाव न घेता "मुतारीत दादागिरी" असा विषय लिहून द्या, इतिवृत्तात ते नाव कायमचं राहतं. ते दोन शिक्षक कोण त्यांच्याशी मात्र तुमच्या हेडमास्तरांनी बंद दाराआड बोलायला हवं, माझ्या शाळेत मी ते टाळलं होतं.

फळ्यावरचा_खडू

सर, विषय तसाच लिहिलाय, बैठक शनिवारी आहे. आशाताईंशी उद्या बोलतो. किल्ली कालपासून ऑफिसात न ठेवता कार्यानुभवाच्या खोलीबाहेर खिळ्याला लावलीय, मागायला लागू नये म्हणून. काल मधल्या सुट्टीनंतर ती उलटी टांगलेली होती. कुणी वापरली ते मी बघितलं नाही.