गोऱ्हा झाला की घरात सुतक: एचएफला फक्त सॉर्टेड कांडीच भरावी का?

गोठेवाला सिन्नर (धागाकर्ता)

परवा पहाटे आमची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, दुधाची विदेशी जात) व्याली. आईने ओट्यावरून विचारलं, "काय झालं रे?" मी गप्प राहिलो, तेवढ्यावर तिला कळलं. गोठ्यातल्या गेल्या सहा वेतांतला हा पाचवा गोऱ्हा.

एचएफच्या गोऱ्ह्याचं पुढे काय होतं हे इथे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. चार दिवस चीक पाजायचा, मग दूध डेअरीला आणि गोऱ्ह्याच्या वाट्याला आचळ चाटणं. पंधरा दिवसांत तो हगवणीने "जातो". जगलाच तर औताला ट्रॅक्टर आहे, आणि 2015 च्या कायदादुरुस्तीनंतर गायीसारखाच बैल आणि वळूही कापायला विकता येत नाही. मग रात्री कोणाचा तरी टेम्पो, नाहीतर पुणे हायवे.

म्हणून माझं मत असं की सरकारी दवाखान्यात एचएफ आणि जर्सीला साधी कांडी (वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी) देणंच बंद करा. फक्त सेक्स सॉर्टेड द्या, म्हणजे मादी वासराचे शुक्राणू निवडून भरलेली. शंभर वासरांत नव्वद कालवडी. 2024 च्या ऑक्टोबरात वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते देशी सॉर्टिंग तंत्र सुरू झालं, मात्रेमागे साधारण 200 रुपये वाचतील असं तेव्हा सांगितलं होतं. महाग आहे ही सबबही आता उरली नाही. ज्यांचा विरोध आहे त्यांनी आधी एवढंच सांगावं, तुमच्या गोऱ्ह्यांचं तुम्ही काय करता?

मळेवाली वहिनी, दिंडोरी

भाऊ, कांडीचं तुम्ही बोलताय, पण माज बघायला पहाटे चारला गोठ्यात कोण जातं? आमच्याकडे मी जाते.

मागच्या साली दोघींना सॉर्टेड भरली. एक दोनदा उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली. एकदा उलटली की 21 दिवस गेले, पेंड तेवढीच, मुरघास तेवढाच. तिसऱ्या खेपेला साधी भरली तर लगेच फळली, आणि झाली कालवडच. दुसरी पहिल्याच कांडीत राहिली. आम्ही खूश. नऊ महिने वाट बघितली आणि झाला गोऱ्हा! शंभरातले ते दहा आमच्याच दारात. भरणाऱ्याने पैसे मात्र पूर्ण घेतले.

डॉक्टर, निफाड

वहिनींनी सांगितलं ते नशिबावर सोडू नका, त्याला कारण आहे. मादी वासरू देणाऱ्या शुक्राणूत नराच्या शुक्राणूपेक्षा जेमतेम 4 टक्के डीएनए जास्त असतो. शुक्राणूंना रंग चढवायचा, एकेक करून लेसरसमोरून न्यायचा, जास्त चमकला तो एका बाजूला. या सगळ्यात त्याची दमछाक होते. शिवाय एका कांडीत साधारण 20 लाखच भरतात, साध्या कांडीत 2 कोटीच्या आसपास असतात. साध्या कांडीत आपली चूक खपून जाते, इथे खपत नाही.

आणि चुका भरपूर होतात. कांडी 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची असते. मी लोकांना ती काखेत धरून वितळवताना पाहिलंय. कांड्या ज्यात गोठवून ठेवतात ते द्रव नत्र उणे 196 अंशांवर असतं, पण भांड्यात तळाला दोन बोटं उरलेलं असतं आणि ते भांडं मोटरसायकलला बांधून दुपारी बारा वाजता चार गावं फिरतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरायची हा साध्या कांडीचा नियम, सॉर्टेडला त्याहून थोडा उशीर मानवतो. हे किती जणांना सांगितलं जातं?

मी स्वतः ती फक्त कालवडींना आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गायींना भरतो. जार वेळेवर पडलेली हवी, अंगाने बरी हवी. उलटणारी गाय असेल तर कोणी कितीही हट्ट धरो, मी भांड्याचं झाकण उघडत नाही. त्यामुळे "साधी बंदच करा" हे मला मान्य नाही. तसं केलं तर निम्म्या गायी भाकड राहतील आणि शिव्या मला बसतील.

अजून एक. यंत्र नर-मादी निवडतं, दूध निवडत नाही. दूध येतं वळूच्या वंशावळीतून. वाशिमच्याच कार्यक्रमात जनावरांची जनुकीय चिपही आली, माझ्या मते खरी बातमी ती होती. वासराच्या रक्तावरून किंवा केसाच्या मुळावरून त्याची कुवत अंदाजता येते, दहा लेकींच्या दुधाची वाट बघत वर्षं घालवावी लागत नाहीत. ते सोडून सगळे कालवडीच्या मागे.

गोठेवाला सिन्नर

डॉक्टरसाहेब, काखेत कांडी वितळवणाऱ्याला शिकवा ना. त्याच्यापायी तंत्र का नाकारायचं? आणि माझ्या प्रश्नाला अजून कोणी हात लावलेला नाही.

नुसता वाचक

माणसांत लिंगनिदान केलं की तुरुंग, गोठ्यात केलं की अनुदान. माणसाला मुलगा पाहिजे, गायीला मुलगीच पाहिजे.

मळेवाली वहिनी, दिंडोरी

हा विनोद आमच्या गटाच्या बैठकीत तीनदा झालाय. हसणारे सगळे पुरुष होते.

इगतपुरीकर

सिन्नरवाले भाऊ, उत्तर मी देतो. आमच्याकडे गोऱ्हा झाला की पेढे वाटतात.

डांगी पाळतो आम्ही, इकडची देशी जात. आषाढात भातखाचरात गुडघाभर चिखल, वरून दिवस-दिवस धार. डांगीच्या कातडीतून तेलकट ओलावा सुटतो, पाणी अंगावर ठरत नाही. खूर काळे आणि टणक. तुमची एचएफ जुलैत आमच्या गोठ्यात आणून बांधा, पंधरवड्यात लंगडायला लागेल. डांगीला लोक दुधासाठी विचारत नाहीत, बैलासाठी विचारतात. घोटीच्या बाजारात उंच, ठिपक्यांची, जुळती जोडी आली की माणसं चहा सोडून बघायला येतात. पॉवर टिलर आलेत, नाही म्हणत नाही. पण उतारावरच्या वीतभर खाचरात तो वळवून दाखवा.

म्हणजे एकाच जिल्ह्यात तुमच्याकडे गोऱ्हा ओझं आणि आमच्याकडे भांडवल. तुम्ही म्हणाल, नियम एचएफपुरताच मागितलाय. कागदावर तसंच असतं. प्रत्यक्षात सगळा पैसा, सगळी गाडी, सगळा नत्र त्या कांडीमागे जातो, आणि डांगी वळूची मात्रा मागायला गेलो की "संपलीय, जर्सी भरू का?" असं ऐकावं लागतं. असं दोनदा झालंय माझ्या बाबतीत. आज आमच्या पाड्यावर निम्म्या डांगी गायींच्या पोटी जर्सीची वासरं आहेत. पावसात बसून राहतात बिचारी.

चांदवडचा आप्पा

तुमचं चालू द्या. मी 2022 च्या लंपीत बैल गमावला. पोळ्याला शिंगं रंगवली होती, पुढच्या अमावास्येला खड्डा खणला. बाजार बंद, शेजारी गोठ्याकडे फिरकत नव्हते.

तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचली. विषाणू एकाच घराण्यातले म्हणून ती चालली, नशीब. हिसार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी खास लंपीची लस त्याच ऑगस्टमध्ये जाहीर केली होती. जाहीर झालेली लस आणि दवाखान्याच्या फ्रीजमधली लस यांत किती अंतर असतं ते तेव्हा कळलं. आधी जगवायचं बघा, मग कालवड का गोऱ्हा ते ठरवा. आमच्या दवाखान्यात आजही एकच माणूस आहे, तोच कांडी भरतो, तोच लाळ्या-खुरकूतची लस टोचतो, तोच कानात बिल्ला मारतो. सॉर्टेडची मोहीम आली की लसीचे फेरे मागे पडतात.

डॉक्टर, निफाड

आप्पा, शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं. तो माणूस मी होतो, गाव वेगळं.

गोठेवाला सिन्नर

आप्पांच्या बैलाचं वाईट वाटलं. इगतपुरीकरांचं पटलं, डांगीच्या मात्रेला हात लागता कामा नये. ती राखीव ठेवा आणि वर लिहून लावा.

पण माझ्या भागापुरतं मी मागे हटत नाही. वहिनी, तुमची गाय दोनदा उलटली हे खरं नुकसान आहे, 42 दिवसांचा हिशेब मलाही येतो. तो नुसताच 42 दिवसांचा आहे. गोऱ्ह्याला उपाशी मारण्याचा हिशेब आपण कोणत्या वहीत लिहितो? डॉक्टर म्हणतात तसं फक्त कालवडींना आणि चांगल्या गायींना भरा, ठीक. मग गावनिहाय यादी करा आणि त्या गायींना तरी साधी देऊ नका. एवढी सवलत मी द्यायला तयार आहे, याहून जास्त नाही.

मळेवाली वहिनी, दिंडोरी

यादी करा, पण उलटली तर दुसरी कांडी फुकट, हेही त्याच कागदावर लिहा. मग मी पहिली सही करते.

इगतपुरीकर

परवाचा गोऱ्हा आहे कसा?

गोठेवाला सिन्नर

आहे. आईने बाटली लावलीय, डेअरीला लिटरभर कमी जातं. तुमच्याकडे चालेल का? म्हणजे विचारतोय आपलं.

इगतपुरीकर

नाही हो भाऊ. वशिंड नाही त्याला, जू थांबायचं कुठे?