जनाज्याच्या (अंत्यविधीच्या) नमाजेत मय्यतसाठी (मृत व्यक्तीसाठी) माफीची दुआ नेमकी कधी?

प्रश्न: हनफी पद्धत माहीत आहे, पण कोकणात शाफई पद्धतीने नमाज होते (हे दोन्ही मुस्लिमांचे विधी-संप्रदाय). फरक काय? आणि उशीर झाला तर?

दापोलीकर: चारही तकबीर ('अल्लाहु अकबर' म्हणणं) उभ्यानेच, रुकू (कमरेत वाकणं), सजदा (कपाळ टेकणं) नाही. पहिलीनंतर शाफई फातिहा (कुराणातला पहिला अध्याय) पढतात, हनफी सना (अल्लाहची स्तुती). दुसरीनंतर दुरूद (पैगंबरांसाठीची दुआ). तिसरीनंतर दुआ, आणि खरं मागणं तिथेच आहे. मोठी दुआ पाठ नसेल तर शाफईंत किमान 'अल्लाहुम्मग्फिर लहू' (हे अल्लाह, याला माफ कर) म्हणा. बाईची मय्यत असेल तर 'लहा'. घाईत इथेच गल्लत होते, म्हणून मय्यत कोणाची हे सफेत (नमाजेच्या रांगेत) उभं राहण्याआधीच विचारून घ्या. चौथीनंतर हनफी लगेच सलाम फेरतात, म्हणजे नमाज संपवतात. शाफई आणखी एक छोटी दुआ करतात, तेव्हा घाई नको.

सफवाला: हात प्रत्येक तकबिरीला उचलणं शाफईंत, हनफींत फक्त पहिलीला. उशीर झाला तर शाफई लगेच सामील होतो, हनफी इमामाच्या पुढच्या तकबिरीची वाट पाहतो. राहिलेल्या तकबीर इमामाच्या सलामानंतर, शक्यतो जनाजा (तिरडी) उचलण्याआधी पुऱ्या करा. त्या तशाच सोडून खांदा द्यायला धावू नका.

दापोलीकर: लहान मुलाची दुआ वेगळी. त्याला माफी मागायची नसते. त्यालाच आईबापाचा शिफारस करणारा कर, असं मागतात.