काळी एकसाठी बास गिटार अर्धा सूर उतरवली, मोकळी तार झणझणते. नट (तारा टेकतात ती खाचांची पट्टी) घरी बनवता येईल का?

चारतारी (ब्रम्हपुरी तालुका)

सर्वांना जय भीम.

मी भीमगीतांच्या पार्टीत बास वाजवतो. आमच्या भागात बहुतेक पार्ट्या कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावरच बास भागवतात. त्यामुळं ज्याला जाऊन विचारावं असा बासवाला जवळपास कोणी नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचे मुख्य गायक काळी एकमध्ये (सी शार्प) गातात. आवाज तिथंच खुलतो, त्यामुळं स्केल बदलण्याचा प्रश्नच नाही. ई-ए-डी-जी अशा नेहमीच्या ट्युनिंगमध्ये काळी एकचा सा, पुढं शुद्ध रे, ग, म, प, काहीच मोकळ्या तारेवर येत नाही. रात्रभर डावा हात दाबूनच ठेवायचा. म्हणून चारही तारा अर्धा सूर उतरवल्या आणि काम एकदम सोपं झालं. दुसरी तार मोकळी सोडली की सा, तिसरी सोडली की खालचा पंचम. ढोलकीच्या ठेक्यावर सा-प धरून ठेवायला याच्यापेक्षा चांगलं काही नाही. कोरस उचलताना तो मोकळा पंचम मंडपात असा भरतो की गायकाचाही दम वाढतो.

पण उतरवल्यावर तारा ढिल्या पडल्या. खालची 105 ची (म्हणजे इंचाच्या 105 हजारांश जाडीची) होती, ती काढून 110 चा जाड सेट घातला. जाड तारा नटच्या खाचेत बसेनात, पिळताना टिंग टिंग वाजायच्या. शहरातल्या एका दुकानात दिला, त्यांनी खाचा घासून दिल्या. आता तारा बसतात, पण तिसरी आणि चौथी मोकळी वाजवली की झण्ण करतात. पहिल्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) बोट ठेवलं की आवाज स्वच्छ. पुढं कुठंच त्रास नाही. दुकानवाले म्हणाले, नेकच (दांडाच) बदला.

14 एप्रिलच्या आधीपासूनच्या तारखा लागल्या आहेत आणि पुढं मे संपेपर्यंत कार्यक्रम आहेत. नेक बदलण्याइतके पैसे आत्ता नाहीत, आणि हा नेक मला आवडतो. दोष नटचाच आहे ना? हाडाचा बसवावा की पितळेचा? मोठेबाबांची सुतारकामाची सगळी हत्यारं घरी आहेत.

---

मंद्रसप्तक (पवनी)

जय भीम भाऊ. नेक बदलू नका. तुम्ही जे लिहिलं त्यावरूनच दोष कळतो. फक्त मोकळी तार झणझणते आणि कुठलाही फ्रेट दाबला की बंद होते, म्हणजे खाच खोल गेली. बोट ठेवलं की नटचं काम संपतं, तार फ्रेटवरून वाजते. दोष नेकमध्ये असता तर तो वरच्या फ्रेटांवरही दिसला असता.

खात्री करायची तर तिसरा फ्रेट दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार पाहा. तार आणि फ्रेट यांच्यात वहीच्या कागदाएवढी फट हवी. वरून हलकेच टिचकी मारली की बारीकसा टिक्क आवाज यायला हवा. तार फ्रेटला चिकटलेली असेल तर खाच खाली गेली हे नक्की.

अर्धा सूर उतरवण्याचं तुम्ही केलं ते योग्यच. तेवढ्यानं तारेचा ताण साधारण 11 टक्क्यांनी कमी होतो, त्यामुळं जाड तारही बरोबरच निवडली. फक्त एक सांगतो. भैरवी असेल त्या दिवशी नेहमीचं ट्युनिंग वाईट नाही. काळी एकच्या भैरवीत कोमल रे, कोमल ग आणि कोमल ध म्हणजे डी, ई आणि ए. तिन्ही मोकळ्या तारा. माझ्याकडं दोन बास आहेत म्हणून मला हे जमतं, पण सा आणि प मोकळे मिळण्याचं सुख वेगळंच.

आता तात्पुरता इलाज. तारीख जवळ असेल तर खाचेत चिमूटभर खायचा सोडा दाबून भरा आणि वर फेविक्विकचा एक थेंब सोडा. क्षणात दगडासारखं कडक होतं. आजूबाजूला कागदी टेप लावून घ्या, नाहीतर पॉलिश जाईल. धूर डोळ्यात जातो, तोंड लांब ठेवा. मग खाच पुन्हा हळूहळू घासायची. एवढ्यावर एक हंगाम आरामात निघतो. पण 110 ची तार रोज पिळली की ते भरण झिजतं, म्हणून शेवटी नवा नट हवाच.

नट मी हाडाचाच करतो. म्हशीच्या हाडाची तयार पट्टी मिळते, तीच मागवा. कसायाकडून ताजं हाड आणण्याच्या भानगडीत पडू नका, आतली चरबी काढता काढता नाकीनऊ येतात आणि राहिलेली चरबी पुढं पिवळी पडते.

जुना नट काढताना चारी बाजूंनी ब्लेड फिरवून पॉलिश आधी कापा, नाहीतर लाकडाची ढलपी निघते. मग पकडीनं धरून बाजूनं सरकवा. समोरून ठोकायचा नाही, मागची लाकडाची कड फुटते. मोजमाप जुन्या नटवरूनच घ्या. प्रिसिजन आणि जॅझ हे बासचे दोन नेहमीचे प्रकार. प्रिसिजनसारख्या नेकवर रुंदी 41 ते 42 मिमी असते, जॅझसारख्यावर 38. जाडी बहुतेक 3 मिमीच्या थोडी वर. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून हाड त्यावर घासत राहा आणि दर थोड्या वेळानं गाळ्यात (नेकवरच्या नटच्या खोबणीत) बसवून पाहा. अंगठ्यानं दाबून आत गेला पाहिजे आणि नेक उलटा केला तर पडला नाही पाहिजे. सगळ्यात जास्त वेळ इथं जातो आणि जाऊ द्यावा. बूड नीट टेकलं नाही तर वर कितीही कारागिरी करा, मोकळी तार मेलेलीच वाजेल. हाडाची भुकटी नाकात जाऊ देऊ नका, तोंडाला रुमाल बांधा.

उंचीची खूण करायला पेन्सिल उभी चिरून अर्धी करा. सपाट बाजू फ्रेटांवर टेकवून नटवर रेघ ओढा. ही झाली फ्रेटांच्या माथ्याची रेघ. खाचेचा तळ या रेघेच्या वरच थांबला पाहिजे.

तारांचं अंतर आखताना मध्य ते मध्य सारखं धरू नका. चौथी तार पहिलीच्या दुपटीहून जाड आहे. दोन तारांमधली मोकळी जागा सारखी ठेवा, तरच बोटांना सारखं वाटतं.

खाचेच्या खास कानशी महाग असतात. सोनाराकडच्या बारीक गोल कानशी चालतात, आणि गॅस वेल्डिंगवाल्याकडं नोझल साफ करायचा संच असतो त्यातल्या काड्याही चालतात. खाच खुंट्यांकडं थोडी उतरती घासा. तार फ्रेटांच्या बाजूच्या कडेवरच टेकली पाहिजे. मागं टेकली तर सतारीच्या जवारीसारखी झणकार येते, आणि ती आपल्याला नको.

किती खोल जायचं, ते तुमच्या गावचा ट्रॅक्टर मेकॅनिक सांगेल. त्याच्याकडं टॅपेट लावायचं फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा असतो. पहिल्या फ्रेटची उंची मोजा, त्यात चौथ्या तारेसाठी अर्धा मिलिमीटर मिळवा, पहिल्या तारेसाठी थोडं कमी. तेवढ्या पात्या एकावर एक ठेवून नटला चिकटवून नेकवर आडव्या धरा. कानस पात्यांना लागली की थांबायचं. त्याच्या खाली जायचं तर तार चढवून, तिसऱ्या फ्रेटवाली परीक्षा घेत, दोन-तीन घासांनी. मोठेबाबा सुतार आहेत म्हणजे हात बसलेला माणूस घरातच आहे. त्यांना शेजारी बसवा.

आणि हे सगळं करायच्या आधी नेकचा बाक तपासा. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबा, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी 0.3 ते 0.4 मिमी फट हवी, तेच फिलर गेज घाला. नव्या तारा जाड, पण सूर उतरलेला, त्यामुळं बाक बदललेला असू शकतो. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमीजास्त करायची सळई) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका.

---

पितळ_भंडारा

आमच्याकडं भंडाऱ्यात पितळेचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यामुळं तुकडा मिळायची अडचण नाही. मी माझ्या बासला पितळेचाच नट बसवलाय. मोकळी तार लांबपर्यंत वाजत राहते आणि झिजायचं नाव नाही. चारतारी भाऊ, पाहिजे असेल तर तुकडा कापून पाठवतो.

---

मंद्रसप्तक (पवनी)

पितळ टिकतं हे खरं. पण भाऊंचा सा आणि प दोन्ही मोकळ्या तारांवर आहेत, बाकीचे स्वर दाबून येतात. पितळेवर मोकळी तार जास्त चमकते आणि मग एकाच ओळीत सा वेगळा, रे वेगळा ऐकू येतो. रात्रभर सा-प वाजवणाऱ्याला तो फरक खुपतो. हाडावर दोन्ही जवळ जवळ येतात. शिवाय पहिलाच नट करणाऱ्याला पितळेत खाच घासताना कानस घसरते. तुकडा जरूर पाठवा, पण त्याचा अंगठा टेकवायचा ठोकळा किंवा कंट्रोलची पट्टी करा म्हणावं. ते काम पितळेत देखणं होतं.

---

वायरमन_दर्यापूर

जय भीम भाऊ. नटचं मले काई समजत नाई, पन एक गोष्ट सांगतो, ध्यान देजो.

तू पंचम मोकळा वाजवून राहिला ना, तो 51.9 हर्ट्झचा. आन लाइटीची घरघर 50 ची. म्हंजे तुह्या पंचमाच्या जरासी खाली, बेसूर. बासमंदी घरघर असली तर ते नेमकी तुह्या पंचमालेच खाते. तार हातात धरली की घरघर कमी होते का पाह्य. होत असंन तर ब्रिजखालचा (तारा खाली अडकवते त्या पट्टीखालचा) अर्थचा वायर ठीक हाये. मंग कंट्रोलच्या खड्ड्यात तांब्याची चिकटपट्टी लाव आन ते पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटनाच्या) पाठीले जोड. जॅझसारखे दोन पिकअप असले त दोनी व्हॉल्यूम सारखे ठेव, घरघर बरीच मरते.

आन दुसरी गोष्ट याच्याहून मोठी. मंडपात जनरेटर असते, अर्थिंग कोनी करत नाई. घरघर जावी म्हनून लोकं अँपची तिसरी पिन तोडून टाकतात. तसं अजिबात करजो नको. तुह्या हातात तारा, त्या तारा अर्थले जोडेल, आन तोंडासमोर माइक. माइकवर करंट उतरला त ओठापासून हातापर्यंत जाते. कोरस म्हनाच्या आंधी माइकच्या जाळीले टेस्टर लावून पाह्यत जा. पार्टीचं सामान जिथून जोडता तिथं 30 मिलिअँपची ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडते तो स्विच) बसवून घ्या, सगळे मिळून पैसे टाका. जमिनीत अर्थिंगचा रॉड ठोकला त त्याच्या बुडाशी मिठाचं पानी टाका, उन्हाळ्यात माती कोरडी ठन्न असते, रॉड नुसता उभा राह्यते.

---

चारतारी (ब्रम्हपुरी तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरा फ्रेट दाबून पाहिला. तिसरी आणि चौथी तार पहिल्या फ्रेटला टेकलेलीच आहे, पहिल्या दोन तारांना फट आहे. फिलर गेज गावातच मिळालं, बाक 0.35 निघाला, म्हणजे नेक ठणठणीत आहे. सोडा आणि फेविक्विकचं काम उद्या मोठेबाबांना घेऊन करतो. हाडाची पट्टी मागवली आहे.

वायरमन दादा, आमच्या अँपची तिसरी पिन तोडलेलीच आहे, कोणी कधी तोडली माहीत नाही. आज नवीन प्लग बसवला. ईएलसीबीचं पार्टीत सगळ्यांना सांगितलं, ढोलकीवाले काका लगेच तयार झाले.

भंडारावाले भाऊ, तुकडा पाठवा. अंगठ्याचा ठोकळा करीन. मंद्रसप्तक दादा, एक राहिलं. आमच्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि जुलैत सगळं दमट. हाडाचा नट आत्ता केला तर पावसाळ्यात उंची बदलेल का?

---

मंद्रसप्तक (पवनी)

हाड बदलत नाही म्हटलं तरी चालेल, लाकूड बदलतं. माझा नेक मे महिन्यात सरळ होत जातो आणि पाऊस लागला की पुढं वाकतो. फिंगरबोर्डही सुकून आकसतो, तेव्हा फ्रेटांची टोकं कडेला हाताला लागतात. म्हणून नट आत्ता केलात तर पहिल्या फ्रेटपाशी फट थोडी सढळ ठेवा. ट्रस रॉडला मेच्या सुरुवातीला एकदा आणि पाऊस स्थिरावल्यावर एकदा हात लावा, नटला पुन्हा कानस लावू नका. नट फेविकॉलच्या दोन थेंबांवरच बसवा, म्हणजे पुढं काढायचा झाला तर लाकूड फाटत नाही. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, जाड तार पिळताना अडकणार नाही.

दुपारच्या टेम्पोत बास केसविना ठेवू नका. पट्टी आली की घासायला सुरुवात करण्याआधी गाळ्याची रुंदी इथं टाका, मी माझ्या मापाशी ताडून सांगतो.