वार्धक्यशास्त्राची स्वतंत्र पदवी घ्यावी का?

कोरफड (धागाकर्ता)

'जेरोंटॉलॉजी (म्हणजे वार्धक्यशास्त्र) करू का?' असं विचारणारे हल्ली वाढलेत. माझं मत: पहिली पदवी म्हणून करू नये. आधी नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी नाहीतर एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी), आणि त्यावर वार्धक्यशास्त्राचा डिप्लोमा. दिल्लीच्या राष्ट्रीय समाजरक्षा संस्थेचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा अशांना चालतो.

एक गल्लत आधीच दूर करतो. जेरियाट्रिक्स म्हणजे जराचिकित्सा, ती डॉक्टरकी. एमबीबीएसनंतर एमडी करावं लागतं. मद्रास मेडिकल कॉलेजात ते 1996 पासून आहे. वार्धक्यशास्त्रात शरीर येतंच, पण पेन्शन, घर, कायदा, एकटेपणा, लोकसंख्या हेही येतं. ही पदवी घेऊन औषध लिहून देता येत नाही, इंजेक्शनही टोचता येत नाही.

आता नोकरीचं. 2010-11 पासून वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात 10 खाटांचा वॉर्ड आणि त्यासाठी डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, अटेंडंट अशी पदं. वार्धक्यशास्त्रज्ञ हे पदच नाही. अर्जाच्या रकान्यात काय भरणार?

मोजपट्टी

असहमत. सरकारी यादीत पद नाही म्हणून विषयच दुय्यम, हा उफराटा न्याय झाला.

एक साधं उदाहरण घ्या. रोजची कामं जमतात का, हे पाहायला अमेरिकी संशोधक लॉटन यांची 1969 ची प्रश्नावली वापरतात: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैसे. आठ बाबी. आपल्याकडच्या 75 वर्षांच्या पुरुषाला विचारा, 'स्वयंपाक करता का?' उत्तर 'नाही'. गुण शून्य. पण त्याने आयुष्यात कधी गॅस पेटवलेला नाही, त्याचं काही बिघडलेलं नाही. 'करत नाही' आणि 'करू शकत नाही' यातला फरक टिपला नाही तर धडधाकट माणूस परावलंबी म्हणून नोंदला जातो. खुद्द लॉटन यांच्या मूळ पद्धतीत पुरुषांसाठी स्वयंपाक, घरकाम, कपडे हे तीन प्रश्न सोडून पाचच धरत. उलट बाजूही बघा. पैशांचे सगळे व्यवहार कायम नवऱ्याने केले, म्हणून आजींचा 'पैसे' हा गुण गेला.

स्मृतीच्या चाचणीचंही तेच. 30 गुणांच्या प्रचलित चाचणीत वाक्य लिहायचं असतं आणि 'डोळे मिटा' हे वाचून तसं करायचं असतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला त्यात कमी गुण पडणारच. त्याला डिमेन्शिया म्हणत नाहीत. म्हणून हरियाणातल्या बल्लभगडमध्ये तिची हिंदी आवृत्ती तयार झाली, तिच्यात 'माझ्या चेहऱ्याकडे बघा आणि मी करतो तसंच करा' असं सांगून तपासणारा स्वतः डोळे मिटतो. हे सगळं सहा महिन्यांच्या ऐच्छिक पेपरात मुरत नाही.

कोरफड

पटलं, पण हे तर संशोधनाचं काम झालं. ज्याला मोजमापाची आवड आहे त्याने सरळ मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेत लोकसंख्याशास्त्र करावं. 45 वर्षांवरच्या सत्तरएक हजार लोकांचं लासी हे वार्धक्याचं सर्वेक्षण त्याच संस्थेने केलं, पहिली फेरी 2017-18 ची. वेगळी पदवी कशाला?

दारचा पिंपळ

मोजमाप राहू द्या, खाटेपाशी या. आजोबा रात्री दोनला लघवीला उठले आणि पडले. फिजिओ चाल बघतो, डॉक्टर बीपीच्या गोळ्या, मुलगा बाथरूमची फरशी. कारण बहुधा तिघांच्या मध्ये असतं: झोपेची गोळी, संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी, उंच पलंग, बंद दिवा.

तपासणी अवघड नसते. पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब घ्या, मग उभं करून एका आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर उठताना तोल जाऊ शकतो. पुष्कळ ठिकाणी पेशंटला बसवूनच रक्तदाब घेतात आणि 'नॉर्मल' लिहून मोकळे होतात.

दुसरी चाचणी चालण्याची. हातांची खुर्ची, तीन मीटरवर खूण. उठा, जा, वळा, परत येऊन बसा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा. यात कुठे बिनसतं? प्लास्टिकची हलकी खुर्ची मागे सरकते. घड्याळ 'चला' म्हणताच सुरू न करता माणूस उभा राहिल्यावर सुरू करतात, म्हणजे सगळ्यात अवघड क्षणच मोजणीतून गळतो. रोजची काठी काढून घेतात, तीही घेऊ नये.

आता यातलं नर्सला येत नाही असं काय आहे? काहीच नाही. म्हणून माझं मत कोरफडच्या बाजूने. फक्त चारही कारणं एका कागदावर मांडायची सवय नर्सिंगच्या अभ्यासातही लावत नाहीत, एवढंच.

कलम तेवीस

सगळे दवाखान्यातच अडकलात. निम्मा विषय प्रांत कार्यालयात असतो.

2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा. न्यायाधिकरणात सहसा प्रांत बसतात. निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये, अर्ज नोटिशीपासून 90 दिवसांत निकाली निघायला हवा. खरी मेख कलम 23 मध्ये. मुलाच्या नावे घर बक्षीसपत्राने केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर हस्तांतर रद्द होऊ शकतं; पण सांभाळण्याच्या अटीवर ते दिलेलं असावं लागतं. ही अट सिद्ध व्हायलाच हवी, अशी कडक भूमिका सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2022 मध्ये घेतली. जानेवारी 2025 च्या निकालात जरा उदार. तरीही पत्रात 'देखभाल करण्याच्या अटीवर' ही एक ओळ नसली की वर्षानुवर्षं भांडण. ती ओळ लिहा, हे सांगणारा नोंदणीच्या आधी भेटायला हवा. डॉक्टर, फिजिओ, नर्स यांपैकी कोण सांगतं?

म्हणून पदवी हवी. नुसता डिप्लोमा नको.

कोरफड

वकील सांगतो. एमएसडब्ल्यूवालाही सांगतो.

मोजपट्टी

सांगायला हवं आणि सांगतो यात अंतर आहे. वयाचंच बघा. आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी असलेले ज्येष्ठ किती दिसतात! दाखला नसला की वर्ष अंदाजाने धरतात आणि दिवस-महिना 1 जानेवारी पडतो. आणि तोंडी सांगितलेल्या वयांची गर्दी 60, 65, 70 वर होते. श्रावणबाळ योजनेची अट 65 वर्षांची, म्हणजे दोन-तीन वर्षं इकडची तिकडे झाली की पेन्शन लांबतं.

उपाय म्हणजे घटनांची यादी समोर ठेवून विचारणं. पानशेत फुटलं (12 जुलै 1961) तेव्हा शाळेत होतात का? कोयनेचा भूकंप (11 डिसेंबर 1967) झाला तेव्हा लग्न झालं होतं? पहिलं मूल बहात्तरच्या दुष्काळाआधीचं की नंतरचं? तीन प्रश्नांत वय बरंच आवळता येतं. यादी मात्र गावाप्रमाणे बदलावी लागते. चंद्रपूरच्या माणसाला पानशेत विचारून उपयोग नाही.

दारचा पिंपळ

हे मात्र एमएसडब्ल्यूत शिकवत नाहीत, मान्य. मग तोडगा असा: बीए वार्धक्यशास्त्र नको, एमए चालेल, पण तेही परवान्याचा व्यवसाय हातात असेल तर. आणि प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. क्षेत्रकार्याचे तास किती, आणि ते फक्त वृद्धाश्रमात आहे की घरोघरीही? बहुतेक ज्येष्ठ घरीच असतात, वृद्धाश्रम हा अपवाद. संख्याशास्त्राचा पेपर सक्तीचा आहे का? आणि शिकवणाऱ्यांत एक तरी थेरपिस्ट किंवा डॉक्टर आहे का, की सगळे समाजशास्त्राचेच?

कोरफड

संख्याशास्त्र सक्तीचं म्हटलं की निम्मे इथूनच परत जातील.

कलम तेवीस

जाऊ देत. उरलेल्यांना बक्षीसपत्राचा मसुदा वाचायला लावा.