नळीची वाट, साधले घाट: उतारावर बोटं न आपटणारे बूट कसे निवडायचे?

पसरट_पाऊल:
डिसेंबरात हरिश्चंद्रगडाचा ट्रेक आहे: नळीच्या वाटेने कोकणकडा आणि साधले घाटाने परत पायथ्याचं बेलपाडा गाव असा बेत. फेब्रुवारीत अलंग-मदन-कुलंग हे तीन किल्ले. आत्ताचे बूट चढायला बरे, पण उतारावर बोटं पुढे आपटून अंगठ्याची नखं काळी पडतात. एक नंबर मोठा घेतला तर टाच वरखाली होते आणि फोड येतो. पाऊल पुढून पसरट आहे. घोट्याच्या वर येणारे घेऊ का? वॉटरप्रूफ हवेत का?

कातळटप्पा:
नंबर वाढवून हे सुटणार नाही. पावलाचा वरचा उंचवटा लेसने घट्ट धरलेला नसला की उतारावर अख्खा पाय पुढे घसरतो, मग जागा कितीही सोडा. पुढून रुंद आणि टाचेला अरुंद असा बुटाचा साचा (आतला आकार) शोधा.

दुकानात संध्याकाळी जा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकचेच मोजे घाला. आधी आतला इनसोल काढून त्यावर उभे राहा: सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिमी जागा हवी (अनेकांचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असतं, तेच धरा) आणि करंगळी कडेबाहेर जाता कामा नये. मग लेस बांधून दुकानाच्या जिन्यावरून उतरत दहा-बारा वेळा पाय जोरात आपटा. बोट एकदा जरी टेकलं तरी तो जोड परत ठेवा. विक्रेता "वापरून सैल होतील" म्हणेल. बूट रुंदीला थोडे सैलावतात, लांबीला नाही.

लेस दोन भागांत बांधा. बोटांकडे सैल ठेवायची. पाऊल जिथे घोट्याकडे वळतं तिथे दोन्ही टोकं एकमेकांभोवती दोनदा पिळून आवळायची, म्हणजे वरचा ताण खाली उतरत नाही. सर्वांत वरच्या भोकातून दोन्ही बाजूंना छोटे फासे सोडा, प्रत्येक बाजूची लेस समोरच्या बाजूच्या फाशातून ओढा आणि मग गाठ मारा. टाच जागची हलत नाही. साधलेच्या माथ्यावर बसून लेस पुन्हा बांधायचीच, चढताना बांधलेली तोवर ढिली झालेली असते.

ट्रेकला निघायच्या दोन-तीन दिवस आधी नखं सरळ कापा. आदल्या रात्री कापली तर कोपरे टोचतात.

घसारा_स्पेशालिस्ट:
वरचं सगळं मान्य, पण सोलबद्दल कुणी बोललंच नाही. नळीत खाली मोठाले धोंडे, मध्ये कातळटप्पे आणि वर सुटा घसारा (खडी-मातीचा निसरडा उतार), तिन्हींची मागणी वेगळी. घसाऱ्यात ४-५ मिमी खोल, अंतर सोडून असलेल्या खाचा लागतात आणि टाचेला कोन हवा, नाहीतर उतरताना ब्रेक लागत नाही. कातळावर खाचांपेक्षा रबर महत्त्वाचं. सोलवर अंगठ्याचं नख दाबून बघा: किंचित रुतलं तर रबर मऊ, ते धरेल. प्लॅस्टिकसारखं टणक लागलं तर ते वर्षानुवर्षं झिजणार नाही, पण ओल्या बेसॉल्टवर घसरवेल. सोल बनवणाऱ्या विब्रम कंपनीचा पिवळा अष्टकोनी शिक्का असला तरी त्यांचीही रबरं अनेक प्रकारची असतात, ओल्या दगडासाठी त्यांचं मेगाग्रिप रबर.

आणखी एक: बूट टाच आणि टोक धरून वाकवा. बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर धोंड्यांवर दोन तासांत तळवा दुखायला लागतो.

घोटा_मोकळा:
घोट्याच्या वर येणाऱ्या उंच बुटांची सरसकट शिफारस होते, ती मला पटत नाही. घोटा मुरगळणं ते पूर्ण थांबवत नाहीत. फायदा खरचटण्यापासून वाचवण्याचा आणि खडे आत न जाण्याचा. जड पाठपिशवी असेल तर घ्या. अलंग-मदनच्या रोपच्या टप्प्यांवर मात्र जाड टोकाचा बूट छोट्या खोबणीत बसतच नाही, तिथे पातळ सोलचे हलके बूट बरे.

वॉटरप्रूफ डिसेंबरात गरजेचे नाहीत. पावसाळ्यात तर नकोच: पाणी वरून शिरतं आणि आत साठून राहतं. जाळीचे बूट चालता चालता निथळतात. सुती मोजे टाळा, घामाने ओले राहतात आणि फोड तिथूनच सुरू होतो. टाचेला चुरचुर जाणवली की लगेच पेपर टेप लावा, फोड आल्यावर नाही.

पसरट_पाऊल:
माळ्यावर पाच-सहा वर्षं जुना, जेमतेम वापरलेला जोड आहे. साचा रुंद आहे. मुंबईतच ठेवलेला. चालेल?

कातळटप्पा:
आधी सोल आणि वरचा बूट यांच्या मधला थर तपासा. तो पॉलियुरेथेनचा (फोमसारखं प्लॅस्टिक) असेल तर दमट हवेत न वापरताही आतून कुजतो. बाहेरून बूट नवा दिसतो आणि घाटात अख्खा सोल सुटून येतो. अंगठ्याने जोरात दाबा: भेगा पडल्या, भुगा निघाला किंवा चिकट लागलं तर टाकून द्या, चिकटवून उपयोग नाही. ठीक वाटला तरी आधी जवळच्या टेकडीवर दोन-तीनदा पूर्ण वजनासकट चालवा. नवा जोड असेल तरी हेच, थेट नळीत नको. पिशवीत दोन मीटर पातळ दोरी असू द्या, सुटलेला सोल कमानीखालून आणि घोट्याभोवती बांधून गावापर्यंत येता येतं.

घसारा_स्पेशालिस्ट:
आणि परत आल्यावर ओले बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात नको, गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे, दोन-तीन तासांनी बदलायचे. माळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तर मुळीच ठेवू नका.