मदत हवी आहे : हरलेला बोर्जिया मॅकियाव्हेलीला आदर्श का वाटतो?

नमस्कार मंडळी,

पाश्चात्त्य राजकीय विचार शिकवते. सोळाव्या शतकातला इटालियन विचारवंत मॅकियाव्हेली याच्या 'द प्रिन्स' या राज्य मिळवण्या-टिकवण्यावरच्या पुस्तकाची सातवे आणि आठवे ही प्रकरणे मुलांसोबत सलग वाचायला घेतली आणि दोन्हींचा मेळच बसेना. मदत हवी आहे.

सातव्यात चेझारे बोर्जिया. बाप पोप सहावा अलेक्झांडर, त्याच्या जोरावर इटलीतला रोमान्या प्रांत मिळाला. तिथली बेबंदशाही मोडायला रेमिर्रो दे ओर्को नावाचा कठोर कारभारी नेमला. काम झाले, लोक चिडले, तेव्हा 1502 च्या डिसेंबरात एका सकाळी त्याच रेमिर्रोचे दोन तुकडे तिथल्या चेझेना शहराच्या चौकात पडलेले. मॅकियाव्हेली तेव्हा फ्लॉरेन्सचा दूत म्हणून बोर्जियाजवळच होता. हा प्रसंग अनुकरण करण्याजोगा आहे, असे तो स्पष्ट म्हणतो.

पण पुढच्याच ऑगस्टात पोप वारला आणि सगळे गडगडले. बोर्जिया घराण्याने दुखावलेला कार्डिनल दुसरा ज्युलियस म्हणून पोप झाला, आणि त्याला बोर्जियानेच पाठिंबा दिला! ही चूक मॅकियाव्हेलीही मान्य करतो.

आठव्यात सिसिलीतल्या सिराक्यूजचा प्राचीन काळातला राजा अगाथोक्लीस. कुंभाराचा मुलगा, पाठीशी कुणी नाही. सिनेटर आणि श्रीमंत एका दिवसात कापून सत्ता घेतली आणि टिकवली. क्रूरता एकदाच, नीट वापरली असा दाखला मॅकियाव्हेलीच देतो, तरी थोरांच्या पंगतीत त्याला बसवत नाही. सत्ता मिळाली, कीर्ती नाही. त्याच प्रकरणातला ओलिवेरोत्तो मामाला मेजवानीला बोलावून मारतो, तो गुन्हेगार. त्याच ओलिवेरोत्तोला बोर्जिया सेनिगालियात गोड बोलून बोलावतो आणि गळा आवळून मारवतो, ते मात्र कौशल्य!

मला सुचलेले उत्तर असे. पुस्तक लिहिले 1513 मध्ये, त्याच वर्षी फ्लॉरेन्सवर सत्ता असलेल्या मेदिची घराण्यातला जोव्हान्नी दहावा लिओ म्हणून पोप झाला. आता मेदिचींच्या तरुणांपुढे बोर्जियासारखीच संधी होती : घरचा पोप आणि त्याच्या जोरावर मिळणारे राज्य. पुस्तक शेवटी अर्पण झाले ते लिओचा पुतण्या लोरेन्झो मेदिची याला. म्हणजे बोर्जिया घेतला तो वाचणाऱ्याची परिस्थिती तीच होती म्हणून. हे मला पटते, पण पुरत नाही. तसे असेल तर मुख्य धडा 'पोप मरण्याआधी स्वतःच्या पायावर उभे राहा' हा हवा. मग रेमिर्रोच्या प्रसंगाला इतके कौतुक कशासाठी?

शिवाय 1503 च्या अखेरीस मॅकियाव्हेली रोममध्ये होता. तिथून पाठवलेल्या अहवालांत बोर्जियाबद्दलचा आदर ओसरत गेलेला दिसतो. दहा वर्षांनी तोच माणूस पुन्हा उजळ कसा झाला?

ते अहवाल आणि रोमन इतिहासकार लिव्हीवरची मॅकियाव्हेलीची 'प्रवचने' दोन्ही वाचलेल्यांनी कृपया लिहावे. प्रजासत्ताकाची बाजू घेणारा मॅकियाव्हेली अगाथोक्लीसला नाकारतो तो नागरिकांची कत्तल केली म्हणून का? तसे असेल तर बोर्जियाची सुटका नेमकी कोणत्या मुद्द्यावर होते?

एक विनंती, कौटिल्याशी तुलना इथे नको. तो विषय मोठा आहे आणि त्यात हा प्रश्न दरवेळी हरवतो. मराठी किंवा इंग्रजी, कोणतेही वाचन सुचवलेत तरी चालेल.