मदत हवी आहे: पिकोच्या दोन कोअरमध्ये निरोप हरवतोय, व्हॉल्व्ह बंदच होत नाही

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. तीन रविवार झाले एकाच जागी अडकलोय, कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

मामांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, आंबिया बहाराची. आता एप्रिलात फळं बोराएवढी झालीत अन् पाण्याचा ताण बसला की गळायला लागतात, आणि विहिरीत पाणी तर दिवसेंदिवस खाली जाऊन राहिलं, म्हणून ठरवलेले लिटर गेले की व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हावा असा कंट्रोलर करून राहिलोय. बागेत अजून नेला नाही, घरी गच्चीवर ड्रम ठेवून टेस्टिंग सुरू आहे.

बोर्ड रास्पबेरी पाय पिको, म्हणजे आरपी२०४० चिपचा छोटा बोर्ड, त्यात दोन कोअर (एकाच वेळी चालणारे दोन प्रोसेसर), कोड सी मध्ये. कोअर ० कडे डिस्प्ले, बटणं आणि सेटिंग फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) सेव्ह करणं. कोअर १ कडे फ्लो सेन्सरचे पल्स (पाणी वाहताना येणारे ठोके) मोजणं (वायएफ-एस२०१, लिटरला साधारण ४५० पल्स) आणि व्हॉल्व्हचा रिले (इशाऱ्यावर चालणारा स्विच). दोघांमधलं बोलणं फिफोवरून (चिपमधली निरोपांची छोटी रांग, आधी आलेला आधी बाहेर), कोअर ० 'चालू' नाहीतर 'बंद' असा एक आकडा पाठवतो, कोअर १ तो पॉप करून (रांगेतून उचलून) रिले हलवतो, आणि उलट्या बाजूने लिटर पाठवतो.

आधी वेगळीच भानगड होती. मी लिटर ब्लॉकिंग पुशने (रांगेत जागा होईपर्यंत थांबून) पाठवत होतो, फिफोत मावतात फक्त ८ शब्द, ३२ बिटचे, त्यामुळे डिस्प्लेवर लिहिताना कोअर ० अडकला की फिफो भरायचा आणि कोअर १ तिथेच उभा, पल्स सुटायचे. ते कळलं, आधी जागा आहे का बघून पाठवायला लागलो, ते मिटलं.

मग सेटिंग सेव्ह केली की कोअर १ मरायचा. याचं कारण शोधून सापडलं, कोड फ्लॅशमधूनच चालतो आणि फ्लॅश खोडताना ती वाचता येत नाही, तर दुसऱ्या कोअरला तेवढा वेळ थांबवावं लागतं. म्हणून मल्टीकोअर लॉकआउट टाकलं, कोअर १ वर व्हिक्टिम इनिट केलं (थांबायचं ते याने, असं नेमून दिलं). सेव्ह व्यवस्थित व्हायला लागलं, पण तेव्हापासून 'बंद' चा निरोपच पोचत नाही! कोअर ० म्हणतो पाठवला, कोअर १ पॉपवर वाट पाहत बसलेला. परवा रात्री ड्रम भरून पाणी गच्चीभर गेलं, आई पायऱ्यांवरून ओरडत आली तेव्हा समजलं. बागेत असं झालं तर मामांचं दिवसभराचं पाणी एका ओळीत जाईल, याचीच धास्ती आहे. हे काहून होत असेल?

प्रतिसाद

भाऊ, निरोप हरवत नाहीये, लॉकआउट खाऊन टाकतंय. 'थांब' हा इशारा लॉकआउट त्याच फिफोतून पाठवतं. व्हिक्टिम इनिट केलं की कोअर १ वर फिफोचा इंटरप्ट (चालू काम तोडून आधी चालणारा कोड) बसतो, जो शब्द आला तो तोच उचलतो, स्वतःचा नसेल तर टाकून देतो. तुमचा 'बंद' तिथेच गेला. लॉकआउट वापरायचं तर फिफो दुसऱ्या कशाला वापरायचा नाही, डॉक्युमेंटेशनमध्येही हे आहे.

आज्ञांसाठी एसडीकेमधला (पिकोच्या तयार कोड-संचातला) क्यू, म्हणजे रांग, घ्या, तो साध्या रॅममध्ये असतो आणि आतून हार्डवेअर स्पिनलॉकने (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाने) सांभाळलेला असतो. लिटरसाठी तर क्यूही नको, फक्त कोअर १ लिहितो आणि कोअर ० वाचतो असा एक ३२ बिटचा व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच ताजा वाचला जाणारा) व्हेरिएबल पुरे, एक शब्द एका झटक्यात लिहिला जातो. लिटर आणि वेळ अशी जोडी एकत्र हवी असेल तर मात्र लॉक लावा, नाहीतर नवे लिटर आणि जुनी वेळ अशी गाठ पडेल.

अजून एक, फ्लॅश खोडताना कोअर १ थांबतो तेव्हाचे पल्स जातातच. मिनिटाला २० लिटर म्हणजे सेकंदाला १५० पल्स, खोडायला ५० मिलीसेकंद लागले तरी सातेक गेले. सेन्सर पीडब्ल्यूएमच्या (चिपमधल्या पल्स-हार्डवेअरच्या) बी चॅनलच्या पिनवर घ्या आणि त्या पिनची स्लाइस (तिथला स्वतंत्र काउंटर) रायझिंग एज, म्हणजे पल्स वर जातानाची कड, मोजायच्या मोडमध्ये टाका, मग दोन्ही कोअर झोपले तरी मोजणी चालू राहते. काउंटर १६ बिटचा आहे, ६५५३६ ला परत शून्यावर येतो, म्हणून मागच्या वाचनाशी फरक घेत चला.

धागाकर्ता

खूप खूप आभार भाऊ, हेच होतं. फिफोला हातच लावला नाही आता, आज्ञा क्यूतून, पल्स पीडब्ल्यूएमवर. काल १० लिटरची बादली वीस वेळा भरली, मुद्दाम मध्ये मध्ये सेव्ह दाबत होतो, वीसही वेळा व्हॉल्व्ह बंद झाला. वॉचडॉगही टाकला (वेळेत थोपटलं नाही तर बोर्ड रिसेट करणारा टायमर). कोअर १ प्रत्येक फेरीत एक आकडा वाढवतो, तो पुढे सरकला असेल तरच कोअर ० वॉचडॉगला थोपटतो, नाहीतर दोन सेकंदांत बोर्ड रिसेट होऊन रिले सुटतो. हेही मुद्दाम कोअर १ अडकवून पाहिलं, पाणी थांबलं. रविवारी काटोलला नेतो, आधी एकाच ओळीवर लावणार.